टेलिफोनबायची दरी

खोली दाखवण्याआधी तिने माझ्या चपला मागितल्या. मी त्या दारात काढून ठेवल्या होत्या. तिने वाकून उचलल्या, उलट्या केल्या आणि तळवे उजेडात धरून नीट पाहिले.

"उजवी टाच जास्त झिजवतेस," ती म्हणाली. "पण चालतेस. ये वर."

पापडीतल्या त्या घराच्या वरच्या मजल्यावर मी साडेपाच वर्षं भाड्याने राहिले. वसईतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मला नोकरी लागली होती आणि मी लातूरहून एक बॅग घेऊन आले होते. भाड्याचं बोलणं तिने दोन वाक्यांत उरकलं. लग्न कधी करणार, मासे चालतात का, हे इतर घरमालकांनी विचारलेले प्रश्न तिने कधीच विचारले नाहीत. चढ चढताना बोलतेस का, पायाला फोड आला तर फोडतेस की ठेवतेस, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. मग अट सांगितली : एक रविवार सोडून एक रविवार तिच्याबरोबर डोंगरात यायचं. आधीची भाडेकरू लग्न होऊन गेली होती आणि एकटीने गेलं की तिचा भाऊ कटकट करायचा.

मी हो म्हटलं. खोलीला पूर्वेची खिडकी होती आणि खाली केळीची बाग होती. डोंगराचं काय ते नंतर बघू, असा माझा विचार होता.

गावात तिला सगळे टेलिफोनबाय म्हणत. तिला कुणी अहो-जाहो करत नसे. मी समोर करायचे, पण इथे लिहिताना करणार नाही. सगळा जन्म तिने एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढला होता. ट्रंक कॉलच्या काळात ती मुंबईला, सुरतला, आखातात गेलेल्या नवऱ्यांना घरच्यांशी जोडून द्यायची आणि तीन मिनिटांचा कॉल संपला की मधे पडून तसं सांगायची. त्या नोकरीची एक खोड तिच्या अंगात उरली होती. कुणाशीही बोलताना ठराविक वेळ झाला की ती "तीन मिनिटं झाली" म्हणायची आणि निघून जायची. भाजीवालीला म्हणायची, भावाला म्हणायची, एकदा अंगणात आलेल्या फादरांनाही म्हणाली. लोक हसून सोडून देत. लग्न तिने केलं नव्हतं. का, असं मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

खोटं तिला बोलता येत नसे. शेजारच्या घरी मुलगी सांगून आली होती. मुलीकडची माणसं जाता जाता हिच्या ओट्यावर टेकली आणि मुलगा पितो का, असं त्यांनी सहज विचारलं. "पितो," बाय म्हणाली. "पण शनिवारीच." सोयरीक मोडली. शेजारीण वर्षभर हिच्याशी बोलली नाही. बायला त्याचं वाईट वाटत होतं, पण आपण दुसरं काही म्हणू शकलो असतो हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. "त्यांनी विचारलं ना?" एवढंच ती म्हणायची.

रविवारी ती चर्चमध्ये सहाच्या मिस्साला जायची. परत आली की लुगड्याऐवजी जाड सुती साडी नेसायची, ती पोटरीपर्यंत खोचायची, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात काळी छत्री. पिशवीत उकडलेली अंडी, पाव, पाण्याची बाटली आणि केळीच्या सोपटात बांधलेली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी. पापडीहून स्टेशन, पूल ओलांडून पूर्वेला, तिथून कामणची बस. साडेआठला आम्ही गोदामांच्या मधल्या कच्च्या रस्त्याने चालत असायचो. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या भिंती, उभे ट्रक, स्टोव्हवर चहा करणारे ड्रायव्हर. मग गोदामं संपायची, भाताची खाचरं लागायची, त्यांच्या वर एक पाडा, आणि पाड्यामागून चढ.

तासाभराच्या चढानंतर एक खिंड होती. तिथे पाठीमागे वळून पाहिलं की पत्र्यांची छपरं चमकत, खाडी दिसे, त्यापलीकडे उंच इमारतींची रांग आणि हवा स्वच्छ असेल तर समुद्र. बाय वळून बघत नसे. ती खिंडीत एकदा नाक शिंकरायची आणि पलीकडे उतरायची. पलीकडे दरी होती.

मी सपाट प्रदेशातली. दरी म्हणजे खाली बघून चक्कर येईल असं काही मला वाटलं होतं. ही तशी नव्हती. दोन डोंगरसोंडांच्या मधे पडलेली लांब घळ, तिच्या तळाशी ओहोळ, आणि दोन्ही उतारांवर साग, ऐन, कुंभा, मधेच बांबूची बेटं. वरच्या कड्यांना कारवीची दाट किनार. पावसाळ्यानंतर गवत आमच्या खांद्याला लागायचं. माघ-फाल्गुनात पानं गळली की अख्खा डोंगर करडा दिसे आणि त्यात एखादा पळस पेटल्यासारखा उभा असे. वैशाखात ओहोळाचे फक्त डोह उरत आणि त्यांच्या काठच्या चिखलात रात्री कोण कोण पाणी पिऊन गेलं ते सकाळी वाचता येई. तुंगारेश्वराच्या बाजूला श्रावणात गर्दी लोटते. ह्या बाजूला साडेपाच वर्षांत मला पाड्यावरची माणसं आणि दोन वनरक्षक सोडून कुणी भेटलं नाही.

दरीत तिचे नियम होते. बोलायचं नाही. फोटो काढायचा नाही. बोट दाखवायचं नाही. पक्षी दिसला तर तो शब्दांत सांगायचा. "समोरचा ऐन. डावी दुसरी फांदी. फांदीच्या मुळाशी. आला?" असं ती पुटपुटायची आणि "आला" म्हणेपर्यंत थांबायची. सुरुवातीला मला काही येत नसे. मग हळूहळू यायला लागलं. तांबटाचा ठोका, भेकराचं कुत्र्यासारखं भुंकणं, माकडं घाबरून ओरडतात तेव्हाचा वेगळा खोकल्यासारखा आवाज. एकदा ओहोळाच्या कपारीतून कुणीतरी शीळ घालत होतं, अगदी माणसासारखी, आपल्याच नादात. मी दचकून तिच्याकडे पाहिलं. "कस्तुर," ती म्हणाली. "पक्षी आहे, घाबरू नको. तो कुणाला बोलवत नाही."

जंगलातून काहीही बाहेर न्यायचं नाही, हाही नियम. आणि तो ती फार शब्दशः पाळायची. परतताना जंगलाच्या कडेला ती एका बांधावर बसायची, साडीला आणि मोज्यांना चिकटलेली कुसळं, बिया एकेक करून वेचायची आणि मागे टाकायची. पंधरा-वीस मिनिटं जायची. मलाही करायला लावायची. शेवटची बस चुकेल म्हणून मी चुळबुळत असे.

पहिल्या वर्षीच्या फाल्गुनात तिने मला एका जुन्या झाडाखाली तीन तास बसवलं. खोडात वर एक ढोली होती आणि ती मातीने लिंपून बंद केली होती. फक्त बोटभर फट. धनेशाची मादी आत होती. तिने स्वतःला कोंडून घेतलं होतं आणि अंडी उबवत होती. नर तासाभराने यायचा, फटीला चोच लावायचा आणि घशातून एकेक उंबर काढून आत द्यायचा. मी मोजले, अकरा. मग पंखांचा मोठा आवाज करत जायचा. पुन्हा तासभर काही नाही. तिसऱ्या खेपेनंतर मी कंटाळून विचारलं की तो आलाच नाही तर काय.

"ती वाट बघते," बाय म्हणाली. नियम मोडून बोलले म्हणून ती रागावली नाही, एवढं मला आठवतं.

चाल नेहमी एकाच ठिकाणी संपायची. ओहोळाच्या काठी एक सपाट, मोठा दगड होता. त्यावर बसून आम्ही अंडी-पाव खायचो. पलीकडच्या काठावर, थोडं वर, कुडाचं एकच घर होतं. भोवती चार-पाच खाचरं. एक बाई तिथे असायची. साठीची असेल. झाडत असायची, मोह वाळत घालत असायची, नाहीतर नुसती ओट्यावर बसलेली. आमच्यात शंभर पावलांचंही अंतर नव्हतं. ती आमच्याकडे बघत नसे. बाय तिच्याकडे तोंड करून बसायची आणि काही बोलत नसे. वीस मिनिटांनी आम्ही उठायचो.

चौथ्या की पाचव्या वेळी मी त्या बाईला हात केला. सहज.

"हात खाली," बाय म्हणाली.

"का? कोण आहेत त्या?"

"माझी मैत्रीण."

"मग बोलत का नाही?"

"भांडण आहे."

"कधीपासून?"

"चार वर्षं."

"मग इथे येता कशाला?"

"भांडण तिच्याशी आहे," ती पाव मोडत म्हणाली. "दरीशी नाही."

दरीत बसण्यासारखे दुसरे वीस दगड होते. ते मी बोलले नाही.

भांडणाची तिची बाजू तिने मला पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी घरी, कैऱ्या चिरताना सांगितली. ती त्या बाईकडे पंधरा वर्षं जात होती. सुरुवातीला पाणी मागायला, मग बसायला, मग दिवसभर. तिने शिकवलेल्या भाज्या हिने खाल्ल्या, हिने नेलेली सुकेळी तिने खाल्ली. एकदा पावसाळ्याआधी कपडे वाळत घालायला तिच्याकडे दोरी नव्हती म्हणून हिने घरातली प्लॅस्टिकचं हिरवं वेष्टन असलेली तार नेऊन दिली. पुढच्या दिवाळीनंतर, एका रविवारी, तिच्या ओट्यावर भाकरी खाऊन ही एकटीच ओहोळाने वर गेली. डुकरांच्या वाटेवर एक बिबट्याची मादी तारेच्या फाशात अडकलेली होती. कमरेत. जिवंत. तिने ओढून ओढून तार मांसात रुतवून घेतली होती आणि आता ती ओढतही नव्हती.

"माझ्याकडे बघितलं तिने," बाय म्हणाली. "गुरगुरली नाही. नुसतं बघितलं."

ही धावत कामणला उतरली. वनरक्षकांना घेऊन परत आली तेव्हा मादी मेली होती. तार हिरवी होती. अधिकाऱ्यांनी विचारलं, कुणाची म्हणून काही सांगता येईल का. हिने सांगितलं. मैत्रिणीच्या नवऱ्याने तिथेच कबूल केलं. त्याला नेलं, महिन्याभराने जामीन झाला, खटला सुरू झाला. तो पुन्हा दरीत राहायला आला नाही. कामणला एका गोदामावर रखवालदार म्हणून राहिला आणि तारखांना वसईला कोर्टात जात राहिला. बायको वर एकटी.

"तुमचं काय चुकलं मग?" मी विचारलं.

"मी कुठे म्हटलं चुकलं?" ती म्हणाली, आणि कैऱ्यांची परात उचलून आत गेली.

ती पडली तेव्हा मला पापडीत दोन वर्षं झाली होती. दिवाळी होऊन गेली होती, ओहोळाला घोट्याएवढं पाणी होतं. दगडावर चढताना तिचा पाय शेवाळावरून सरकला आणि ती डाव्या कुशीवर आडवी झाली. आवाज मी ऐकला. उठवायला गेले तर तिचा चेहरा पांढरा पडला होता. मोबाइलला दरीत कधीच रेंज नसे.

"तू खाली जा," ती म्हणाली. "माणसं घेऊन ये. मी पडून राहते."

"मी त्यांना हाक मारते."

"तिला हाक मारायची नाही."

मला त्या बाईचं नावही माहीत नव्हतं. मी उभी राहिले आणि "मावशी!" असं ओरडले. ओट्यावरची बाई आधीच उठली होती. तिच्या हातातलं सूप खाली पडलेलं मला दिसलं. ती उतारावरून झपाझप आली, पलीकडच्या काठाला क्षणभर थांबली, मग पाण्यात शिरली.

"कुठला पाय?" तिने विचारलं. बायला.

"डावा. वरून गेलाय, खुब्यातून."

"हलवू नको."

"मी कुठे हलवतेय?"

सहा वर्षांनंतरचं पहिलं बोलणं ते एवढंच. मावशीने पदर फाडला, बांबूच्या दोन चिपा आणल्या आणि पाय बांधला. मग वरच्या उंचवट्यावर जाऊन तोंडाशी हात धरून लांबलचक कूक दिली. बऱ्याच वेळाने पाड्याकडून उत्तर आलं.

"येतील," ती परत येऊन म्हणाली. "पन वेळ लागंल. सगले भात झोडनीला गेलेत. पानी पी."

बाय प्यायली. मला वाटलं, आता दोघी गप्प बसतील. त्या भांडल्या. सुमारे दोन तास. मी इतकं व्यवस्थित भांडण कधी ऐकलं नाही. कुणी आवाज चढवला नाही आणि कुणी दुसरीचं वाक्य तोडलं नाही.

"सा वर्सं त्या दगडावर येऊन बसतेस," मावशी म्हणाली. "काय बघतेस? जत्रा हाय का हितं?"

"बसायला बंदी आहे?"

"दगड माजा नाय. बस. पन तोंड माज्या घराकडं करून बसतेस."

"तू जिवंत आहेस का, ते बघते."

"मंग हाक मारायची. मेलेली असते तर ओ दिली नसती."

बायला हसू आलं आणि त्याने दुखलं. पायाचा बांध सैल झालाय का, ते मावशीने चाचपून पाहिलं.

"त्या दिवशी माज्या दारावरून गेलीस," ती म्हणाली. "सकाळी माज्या हातची भाकर खाल्ली होतीस. दारात थांबली नायस. नुसतं इचारलं असतंस, ही तार हितं कशी आली."

"ती मरत होती. मी धावत होते."

"धावलीस ते बराबर केलंस. पन साहेबांनी इचारलं तवा तू धावत नव्हतीस. तवा उभी होतीस. मी समोरच होते. माज्याकडं बघितलं बी नायस."

बायने मूठभर वाळू उचलली आणि सोडली.

"त्यांनी विचारलं," ती शेवटी म्हणाली. "मी खरं सांगितलं."

"खरं? फासा कुनी लावला, ठावं होतं तुला?"

"तुझ्या नवऱ्याने कबूल केलं."

"केलं. साहेब वर यायच्या आधी मला बोलला, तू गप ऱ्हा." मावशीने हाताची बोटं पसरली आणि त्यांच्याकडे पाहिलं. "डुकरांनी अर्धं भात लोळवलं होतं. तो खाली कामाला. मी एकली किती डबं वाजवू? फासा मी लावला. डुकरासाठी लावला. ती आली."

मी तिथे असल्याचं दोघी विसरल्या होत्या, किंवा त्याची त्यांना पर्वा नव्हती.

"मला का नाही सांगितलंस?" बायने विचारलं.

"कदी? तू कदी इचारलंस?"

बायने डोळे मिटले. दुखत असावं. मग म्हणाली, "नाही विचारलं. चुकलं माझं."

"हां," मावशी म्हणाली, आणि तिच्या डोक्याखाली दिलेली फडक्याची घडी नीट केली.

पाड्यावरची चार माणसं आली. घोंगडी बांबूला बांधून त्यांनी झोळी केली आणि तिला उचललं. खिंड चढेपर्यंत झोळीतून ती त्यांना सूचना देत होती, डावीकडे सुटा दगड आहे, पुढे मूळ आहे. त्यांना वाट तिच्यापेक्षा जास्त माहीत होती, पण ती सांगेल तसं ते पाय टाकत होते. जंगलाच्या कडेला तिने झोळी थांबवायला लावली. माणसं वैतागली. मावशी खाली बसली आणि हिच्या साडीची कुसळं वेचू लागली. मीही बसले. खाली गोदामाशी रुग्णवाहिका आली तेव्हा मावशी पुढे आली नाही. ती गोदामाच्या फाटकाकडे वळली. तिथे तिचा नवरा होता.

खुब्याचं ऑपरेशन झालं. बाय वॉकर धरून घरातल्या घरात चालायला लागली, मग अंगणात, मग चर्चपर्यंत. डोंगर संपला. तिने त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. मी मात्र रविवारी एकटी जात राहिले. भाऊ माझ्याबाबत कटकट करत नव्हता. परत आले की ती मला समोर बसवायची आणि सगळं सांगायला लावायची, शब्दांत, हात न हलवता.

वर्षभराने कोर्टाचं समन्स आलं. साक्ष. ती एकटीच साक्षीदार होती जिने तार कुणाकडे दिली ते सांगितलं होतं. समन्स आल्यापासून ती फार कमी बोलू लागली. आदल्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे बघून म्हणाली, "खोटं बोलताना माणसं कुठे बघतात?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं. "मला वाटतं, समोर," मी म्हटलं.

कोर्टात मी तिच्या मागच्या बाकावर होते. तिचा वॉकर शिपायाने बाजूला ठेवला. तिने ईश्वरासमक्ष खरं सांगण्याची शपथ घेतली. आवाज स्वच्छ होता, ऑपरेटरचा. मावशीचा नवरा भिंतीला लागून उभा होता, बारीक, पांढऱ्या केसांचा. त्याने एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही. मावशी आली नव्हती.

सरकारी वकिलांनी तार दाखवली. ओळखता का?

"ओळखते. माझ्या घरातली आहे. कपडे वाळत घालायची."

"ती तुम्ही आरोपीच्या घरी दिली होती?"

ती समोर बघत होती.

"आठवत नाही."

वकिलांनी जुना जबाब वाचून दाखवला. त्यात तिने दिवस आणि वेळ दोन्ही सांगितले होते.

"म्हटलं असेल," ती म्हणाली. "तेव्हा मी दोन तास धावून आले होते. आज विचाराल तर आठवत नाही. तार मी पिशवीत घेऊन हिंडायची. कुठे पडली असेल, सांगता येणार नाही."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. वय विचारलं. चौऱ्याहत्तर, ती म्हणाली. मग त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली. तिने ती घेतली नाही.

काही महिन्यांनी तो सुटला. त्याची कबुली कागदावर होती, पण तेवढ्याने भागलं नाही, असं त्याच्या वकिलाने मला समजावलं. मला ते पूर्ण कळलं नाही. पुढच्या रविवारी मी दरीत गेले तेव्हा तो खाचराला काटेरी फांद्यांचं कुंपण घालत होता. मावशी ओट्यावर नाचणी पाखडत होती.

"ह्यो नीट सांगत नाय. कोर्टात काय बोलली ती?" तिने पहिल्यांदाच विचारलं.

"आठवत नाही म्हणाली."

"कोन?"

"बाय."

मावशीने सूप खाली ठेवलं. "शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी दिली तार," ती म्हणाली. "शेंगा फोडत बसलो होतो आमी. तिला ते समदं ठावं हाय." नवरा कुंपणापाशी थांबला होता. तिने त्याला हाताने काम चालू ठेवायला सांगितलं आणि डोळे पुसले. मग म्हणाली, "तिला सांग, दगड हाय तितंच हाय."

मी येऊन सांगितलं. "दगड कुठे जाणार?" बाय म्हणाली. पण ते वाक्य तिने माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.

साक्षीनंतरच्या पहिल्या रविवारपासून ती कम्युनियन, म्हणजे मिस्सात वाटतात ती पवित्र भाकर, घ्यायची थांबली. चर्चला जायची, मीच वॉकरबरोबर तिला नेऊन बसवायचे आणि शेजारी बसायचे. वेळ आली की बाकावरच्या बायका उठून रांगेत जात. ही गुडघे एका बाजूला घेऊन त्यांना वाट द्यायची आणि बसून राहायची. गावात बोलणं झालं. जन्मभर जिने एक रविवार चुकवला नाही, तिला झालं काय? भावाने विचारलं, तिने सांगितलं नाही. मग फादर घरी आले. ते गेल्यावर ती मला म्हणाली :

"फादर म्हणाले, जे काय आहे ते कुमसारात सांग आणि मोकळी हो. मी म्हटलं, सांगते. शपथ घेऊन खोटं बोलले. त्यांनी विचारलं, केल्याचा पश्चात्ताप होतो ना? मी म्हटलं, नाही."

"मग?"

"मग काय? पश्चात्ताप नाही तर माफी कशाची देणार? माफी नाही तर कम्युनियनही नाही. ते म्हणाले, होईल तेव्हा ये."

तेवढं 'होतो' म्हटलं असतं तर संपलं असतं. पण ते दुसरं खोटं झालं असतं, आणि तिला एकच बोलायचं होतं.

त्यानंतर ती चौदा महिने जगली. शेवटच्या आठवड्यात फादर पुन्हा आले, दार लावून दोघं अर्धा तास बोलली. काय ठरलं, ते मला माहीत नाही. भाऊ म्हणतो, सगळं रीतसर झालं. मला माहीत आहेत ते फक्त मधले रविवार. ऑर्गन वाजायला लागायचा, रांग पुढे सरकायची, आणि आमचा बाक रिकामा व्हायचा. दोघीच उरायचो : मी, कारण तो माझा धर्म नव्हता, आणि ती.

एकदा मी हळूच विचारलं, "वाईट वाटतं का?"

"वाटतं," ती पुढे बघत म्हणाली. "दर रविवारी वाटतं. पश्चात्ताप वेगळा."